नदीकाठच्या पायवाटेचे नियोजन : आधी पूररेषा, मग फरशी

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळामागे जाऊन एकदा उभे राहावे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेली आहे, आणि कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर आदळून दुभंगते व दोन्ही अंगांनी निघून जाते. बांधणाऱ्याने पाणी येणारच हे धरून चालूनच पायापासून विचार केला होता. ज्या नगरपरिषदेला किंवा नागरिकांच्या गटाला आपल्या गावात नदीकाठची पायवाट आखायची आहे, त्यांनी कामाची सुरुवात याच गृहीतकापासून करावी.

पहिली पायरी कागदांची आहे. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा मिळवावा. निळी रेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असून बाग, मैदान असे मोकळे वापरच तेथे चालतात. त्यामुळे उपाहारगृह, स्वच्छतागृह, रखवालदाराची खोली या गोष्टी आराखड्यात आधीच वर ढकलाव्यात. त्यासोबत सिटी सर्व्हेचे उतारे व सातबारे काढून कोणती जागा नगरपरिषदेची, कोणती देवस्थानाची, कोणती खासगी मळ्याची हे पाहावे आणि शंका असेल तेथे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. कंटाळवाणे काम आहे, पण अशा पायवाटा अडतात त्या बहुधा येथेच.

नकाशावरची रेषा लोकांच्या आठवणीशी ताडून पाहावी. कृष्णाखोऱ्यात 2005, 2019 आणि 2021 ही मोठ्या पुरांची वर्षे. त्या वेळी पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणाच्या ओट्यापर्यंत आले होते हे काठावरची जुनी माणसे बोट ठेवून दाखवतात. त्या खुणा भिंतीवर गेरूने करून त्यांची छायाचित्रे घ्यावीत व उंची मोजून नकाशावर उतरवावी.

त्यानंतर पायी फेरी, आणि ती एकदा करून भागत नाही. वैशाखात पात्र आटलेले असताना, श्रावणात पाणी चढलेले असताना आणि दिवाळीनंतर ओसरल्यावर, अशा तीन फेऱ्या कराव्यात. प्रत्येक वेळी पहाटे सहाला एक गट आणि दिवेलागणीला दुसरा. पंधरावीस जणांत धुणे धुणाऱ्या बायका, मासेमार, गुरे पाण्यावर आणणारे, घाटावरचे गुरुजी, शाळकरी मुले आणि काठी टेकत चालणारे आजोबा असावेत. सभाही नगरपरिषदेच्या सभागृहात सकाळी अकराला ठेवू नये, कारण त्या वेळी तेथे येतात ते ठेकेदार आणि निवृत्त मंडळी. संध्याकाळी घाटावर सतरंजी अंथरावी, महिलांची बैठक वेगळी घ्यावी आणि कोण काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून पुढच्या सभेत वाचून दाखवावे.

या फेऱ्यांत जे समजते ते कोणत्याही सल्लागाराच्या सादरीकरणात सापडत नाही. वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्यांचे आपापले घाट आहेत आणि कृष्णामाईचा उत्सव प्रत्येक घाटावर वेगवेगळ्या दिवसांत होतो. जेथे मांडव पडतो आणि पंगती बसतात, तेथे सिमेंटची बाके व कारंजे बसवले तर पुढच्याच वर्षी ती उखडली जातील. दशक्रिया विधीची जागा तर विशेष काळजीने सोडावी. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत एखादे कुटुंब बसले आहे आणि त्यांच्या पाठीमागून कानात गाणी लावलेला माणूस पळत चालला आहे, हे दृश्य आराखड्यात दिसत नाही, काठावर मात्र रोज दिसेल. अशा ठिकाणी वाट वरच्या अंगाने वळवावी आणि कावळ्यांचे झाड तोडू नये.

वाट कोठून न्यायची ते ठरले की लगेच निविदा काढू नये. फक्की मारून दोनशे मीटरचा तुकडा आखावा आणि महिनाभर लोकांना त्यावरून चालू द्यावे. लोक जेथे फक्की सोडून आडवे जातात, तेथे चूक बहुधा आखणाऱ्याची असते. रुंदी दोन ते अडीच मीटर पुरते. त्याहून रुंद वाट केली की तिच्यावर दुचाक्या येतात, आणि मग त्या अडवायला लोखंडी खांब रोवले की चाकाची खुर्ची अडकते. उतरण्याच्या जागी निदान एक रॅम्प बारास एक (बारा फूट लांबीला एक फूट चढ) या उताराचा असावा. पृष्ठभाग चोपलेल्या मुरमाचा किंवा सांधे न भरलेल्या दगडी फरशीचा ठेवावा, कारण तो पाणी जिरवतो आणि पुरानंतर डागडुजीला गावातलाच गवंडी पुरतो. जुन्या घाटाच्या पायऱ्यांवर टाइल, ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा नको. निखळलेले दगड चुन्यातच बसवावेत आणि वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी.

कठड्याविषयी मात्र माझे मत ठाम आहे : नदीच्या बाजूला सलग जाळीचा कठडा नकोच. पुरात त्यात जलपर्णी, फांद्या आणि प्लास्टिक अडकून त्याचा बांध होतो आणि अखेर तो पायवाटेचा कडा घेऊनच कोसळतो. धोक्याच्या जागी सुटे दगडी खुंट पुरेसे असतात. वाईच्या वर धोम धरण आहे, तशा गावांत धरणातून विसर्ग सुरू झाला की वाट कोण बंद करणार, साखळी कोणाकडे आणि भोंगा कोण वाजवणार हे नावानिशी ठरवावे. वर चढायला दर दीडशे मीटरवर पायऱ्या ठेवाव्यात.

झाडे तीन पट्ट्यांत लावावीत. पाण्याच्या माऱ्यात वाळुंज, शेरणी, लव्हाळा आणि वाळा. ही वाकतात, पण माती सोडत नाहीत. त्याच्या वर उंबर, करंज, अर्जुन, जांभूळ. आणि पूररेषेच्या पलीकडे वड, चिंच, कडुनिंब. शोभेची पामची रांग लावण्याचा मोह आवरावा. रोपे मृगाच्या पहिल्या पावसावर लावून तीन उन्हाळे पाणी घालावे लागते, म्हणून टँकरचा आणि शेळ्यांपासून राखणीचा खर्च वृक्षारोपणाच्या खर्चातच धरावा. रोपे जगली की नाही हे तिसऱ्या वर्षी मोजावे. उद्घाटनाच्या दिवशी मोजलेल्या खड्ड्यांना काही अर्थ नाही.

सांडपाण्याचे नाले नदीत मिळतात ती तोंडे पहिल्याच फेरीत मोजून ठेवावीत. नाल्याचा बंदोबस्त होत नसेल तेथवरचा टप्पा मागे ठेवावा, कारण नाक दाबून कोणी फिरायला येत नाही.

पैशासाठी नगरपरिषदेचा ठराव, जिल्हा नियोजन समिती आणि माझी वसुंधरा अभियान ही दारे आहेत. बांधायला निधी मिळतो, झाडायला मिळत नाही. म्हणून अंदाजपत्रकात देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडल्याशिवाय ठराव मंजूर करू नये असा आग्रह नागरिकांनी धरावा. कामही एकदम हाती न घेता टप्प्याटप्प्याने करावे. वाई ते मेणवली हे अंतर सुमारे 3 किलोमीटर आहे; त्या धर्तीवर दोन घाट जोडणारा मार्ग मनात असला, तरी पहिल्या वर्षी चारपाचशे मीटरच करावेत. पावसाळा संपला की त्याच लोकांनी त्याच वाटेने पुन्हा फेरी मारावी, गाळ किती बोटे साठला, कोणते दगड सरकले, पाणी कोठे तुंबले हे वहीत उतरवावे, आणि दिवे व बाके कोठे बसवायची ते त्यानंतरच ठरवावे.