कोकणात सायकल काढून मनाच्या आजाराबद्दल बोलायचंय? मग हे वाचून निघा

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप चढतं तर कधी पार खचतं असा आजार, आणि आम्ही दोघं अलिबाग ते रत्नागिरी सायकलवर गेलो ते लोकांशी याबद्दल बोलायलाच, म्हणून जे कळलं ते लिहितोय.

आधी रस्ता. मुंबई-गोवा हायवेने जाऊ नका, किलोमीटर भराभर पडतात पण बोलायला माणूस भेटत नाही. किनाऱ्याने मुरुड, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर असं जा. मध्ये दिघी, बागमांडला, दाभोळ, तवसाळ अशा चार ठिकाणी फेरीबोट लागते, सायकल चढवता येते, आणि खरं सांगतो सगळ्यात चांगल्या गप्पा तिथेच होतात कारण बोट येईपर्यंत कोणालाच घाई नसते. खाडी संपली की लगेच चढ, त्यामुळे दिवसाला 50-60 किमीच धरा, दमून पोचलात तर बोलायला जीवच राहत नाही. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो म्हणून तेव्हाच निघावंसं वाटतं, पण तेव्हा उकाडा आणि परतीचा पाऊस, त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्यातलं कोणी गोळ्या घेत असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला. बायपोलरवरचं लिथियम हे औषध चालू असेल तर घाम जाऊन पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं असतं, पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून घेतली तरी वाढू शकतं. हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर राइड तिथेच थांबवून सरळ हॉस्पिटल गाठा. बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उसळू शकतो, म्हणून आम्ही रात्री कधीच चालवली नाही आणि नऊला दिवे बंद म्हणजे बंद.

बोलताना भाषण नको. मी एवढंच सांगायचो की भावाला आम्ही दोन वर्षं आळशी म्हणत होतो, तो आजारी होता. मग कोणीतरी हळूच बाजूला घेतंच, माझ्या मुलीचं पण असंच आहे म्हणतं. तेव्हा ऐका फक्त, पॉझिटिव्ह राहा वगैरे नको. भगताकडे नेतोय म्हणाले तर वाद घालू नका, देवाचं करा पण डॉक्टरलाही दाखवा म्हणा. जगावंसं वाटत नाही असं कोणी बोललं तर जीव द्यायचा विचार येतो का हे स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, आणि हो म्हणाले तर घरच्या कोणाला तरी बोलावल्याशिवाय हलू नका. फोटो, नाव, गाव काही पोस्ट करायचं नाही.

14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. याची मोठ्या अक्षरात कार्डं छापून न्या आणि चहावाल्याला विचारून एक टपरीवर चिकटवा, गर्दीत समोर नको, बाजूच्या खांबावर, जिथे कोणाला एकट्याने उभं राहून नंबर टिपून घेता येईल.