पेनड्राइव्ह जोडताच संगणकाने काय करावे : सेटिंग्ज ठरवताना या चुका टाळा

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडल्यावर संगणक तीन वेगवेगळी कामे करू शकतो. जोडलेली वस्तू ओळखून तिच्यावरील फाइली वापरता येतील अशी सोय करणे, म्हणजेच ती माउंट करणे, हे पहिले काम. फोल्डर उघडून दाखवणे किंवा पुढे काय करायचे ते विचारणे, हे दुसरे काम. आणि एखादा प्रोग्राम आपणहून चालू करणे, हे तिसरे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ ही तिन्ही कामे एकच समजण्यात असते. माणसाला नको असते फक्त दर वेळी उघडणारी खिडकी, पण तो बंद करतो माउंट होणे, आणि मग ‘डिस्क बिघडली’ म्हणून ती घेऊन येतो. विंडोजमध्ये डिस्कपार्ट या डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामची ‘ऑटोमाउंट डिसेबल’ ही आज्ञा कुठेतरी वाचून चालवलेली असते. त्यामुळे आधी कधीतरी जोडलेल्या डिस्क पूर्वीप्रमाणे दिसत राहतात, मात्र नव्या हार्ड डिस्कला ड्राइव्ह लेटर, म्हणजे ‘ई:’ यासारखे ओळखीचे अक्षर, मिळत नाही. जुनी चालते आणि नवी चालत नाही, म्हटल्यावर दोष नव्या डिस्कचाच आहे असे कोणालाही वाटेल. ती परत करण्याआधी ‘ऑटोमाउंट एनेबल’ करून पाहावे. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपमध्ये यासाठी ‘ऑटोमाउंट’ आणि ‘ऑटोमाउंट-ओपन’ अशा दोन स्वतंत्र सेटिंग्ज आहेत. खिडकी नको असेल तर फक्त दुसरी बंद करावी आणि पहिलीला हात लावू नये.

आता ज्या चुकीची मला सर्वांत जास्त चीड आहे तिच्याकडे वळतो. विंडोजमध्ये मेमरी कार्ड पहिल्यांदा लावले की पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना येते आणि मेमरी कार्डांचे काय करायचे ते विचारते. लोक ती न वाचताच जे पहिले दिसेल त्यावर क्लिक करतात. तो निर्णय समोरच्या एका कार्डापुरता नसतो, पुढे लावल्या जाणाऱ्या प्रत्येक कार्डाला तो लागू होतो, मग ते कार्ड कोणाचेही असो. नवशिक्यांची घाई मी समजू शकतो, परंतु इथे घाईने वाचणारा वेळ दोन सेकंदांचा असतो आणि त्याची किंमत कधीकधी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी मेमरी कार्डासाठी फोटो उतरवून घेणारा एक प्रोग्राम कायमचा नेमून दिला होता. त्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये त्यांनी दोन चौकटींत खुणा केल्या होत्या. कार्ड लावताच उतरवणे सुरू करावे, ही एक; आणि उतरवून झाल्यावर कार्डावरील मूळ फोटो काढून टाकावेत, ही दुसरी. स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी त्यांना ही व्यवस्था सोयीची वाटत होती आणि वर्षभर ती नीट चाललीही. एके दिवशी त्यांच्या भाचीने एक फाइल कॉपी करून घेण्यासाठी आपले कार्ड त्याच संगणकाला लावले. कोपऱ्यात काहीतरी भराभर पुढे सरकताना तिला दिसले, तिने ते मनावर घेतले नाही, आपली फाइल कॉपी केली आणि कार्ड काढून घेतले. दोन दिवसांनी पाहते तर कार्डावर एकही फोटो नाही. कार्डच खराब झाले असावे असे समजून तिने ते कॅमेऱ्यात फॉरमॅट केले आणि पुन्हा वापरायला घेतले. इकडे मामांनी त्याच आठवड्यात संगणकावर विंडोज नव्याने टाकले. त्यांच्या स्वतःच्या फोटोंची प्रत आधीच दुसरीकडे काढलेली होती. त्यांच्या ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये भाचीचे फोटो येऊन पडले आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

ते कार्ड माझ्याकडे आले तेव्हा त्यावर नवे फोटो आणि काही व्हिडिओ घेऊन झालेले होते. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम मी रात्रभर चालवला. जे हाती लागले त्यातल्या बऱ्याच फोटोंचा वरचा भाग स्वच्छ होता आणि मध्यापासून खाली नुसता राखाडी पट्टा होता. एका फोटोत चार माणसे उभी होती आणि चौघांचेही फक्त चेहरे शिल्लक राहिले होते. भाचीने तो फोटोही ठेवून घेतला. या सगळ्यात यंत्राचा दोष काडीचाही नव्हता, कारण त्याला जे करायला सांगून ठेवले होते तेच त्याने चोख केले होते.

तेव्हापासून मी ज्या संगणकाची मांडणी करतो त्यावर मेमरी कार्डासाठी ‘दर वेळी विचारा’ आणि रिमूव्हेबल ड्राइव्हसाठी ‘काहीही करू नका’ असेच ठरवून देतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात ब्लूटूथ आणि डिव्हायसेस, त्यात ऑटोप्ले (काही जोडल्यावर पुढे काय करायचे ते ठरवणारी विंडोजची सोय), अशा वाटेने हे पर्याय सापडतात. पूर्वी कोणी काय काय ठरवून ठेवले आहे याचा पत्ता लागत नसेल, तर जुन्या कंट्रोल पॅनलमधील ऑटोप्लेच्या पानावर अगदी तळाशी सर्व पर्याय मूळ स्थितीत आणणारे बटण आहे. ते आधी दाबावे आणि मग एकेक पर्याय स्वतः निवडावा. उतरवल्यावर मूळ फोटो पुसण्याची खूण तर मी कोणत्याही प्रोग्राममध्ये, कोणाच्याही आग्रहाने करत नाही. फोटोंची दुसरी प्रत झाल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मग कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करावे, हा माझा नेम आहे.

दुसरी चूक रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवते त्या नोंदवहीतली आहे आणि ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर हा अशी सेटिंग्ज बदलणारा प्रोग्राम मिळत नाही, म्हणून ऑटोप्ले पूर्ण बंद करू पाहणारे लोक रजिस्ट्रीत ‘नोड्राइव्हटाइपऑटोरन’ नावाची नोंद करतात. या नोंदीत ड्राइव्हच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा ठरलेला आहे. पेनड्राइव्हसारख्या रिमूव्हेबल ड्राइव्हला ४, फिक्स्ड डिस्कला ८, नेटवर्क ड्राइव्हला १६, सीडीला ३२ आणि उरलेल्या प्रकारांना इतर आकडे अशी ती मांडणी आहे. जे प्रकार बंद करायचे त्यांच्या आकड्यांची बेरीज लिहायची, आणि सगळेच बंद करायचे असतील तर ती २५५ होते. अडचण अशी की रजिस्ट्री एडिटरची चौकट उघडते तेव्हा तिच्यात हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत आकडे लिहिण्याची पद्धत, हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. माणूस २५५ टाइप करतो, ओके दाबतो आणि मोकळा होतो. प्रत्यक्षात नोंद होते ती दशमान, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीतील, ५९७ ची. ५९७ म्हणजे ५१२ अधिक ६४ अधिक १६ अधिक ४ अधिक १. यातील ५१२ चा ड्राइव्हच्या कोणत्याही प्रकाराशी संबंध नाही. ४ आहे, म्हणून पेनड्राइव्हपुरते सर्व बंद होते. पण ८ नाही आणि ३२ ही नाही, म्हणून फिक्स्ड डिस्क आणि सीडी हे दोन्ही दरवाजे उघडेच राहतात.

एका प्रशिक्षण वर्गातील संगणकांवर मी हा प्रकार पाहिला. तिथल्या माणसाने प्रत्येक संगणकावर नोंद केली होती, प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावून खात्रीही केली होती आणि तो निश्चिंत झाला होता. काही आठवड्यांनी एका विद्यार्थ्याने एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली आणि ऑटोप्ले पूर्वीसारखाच समोर आला. बऱ्याच एक्स्टर्नल हार्ड डिस्क स्वतःची ओळख रिमूव्हेबल अशी न सांगता फिक्स्ड अशी सांगतात, हे त्याच्या गावीही नव्हते. मला बोलावले तेव्हा तो अँटिव्हायरस बदलण्याच्या विचारात होता. मी नोंद उघडून त्याला कंसातला दशमान आकडा दाखवला, कारण रजिस्ट्री एडिटर हेक्साडेसिमल मूल्यासमोर दशमान मूल्यही छापतो. हेक्साडेसिमलच ठेवायचे असेल तर एफएफ (२५५ चे त्या पद्धतीतले रूप) लिहावे, २५५ लिहायचे असेल तर आधी डेसिमल निवडावे, आणि काहीही लिहिले तरी खिडकी बंद करण्यापूर्वी कंसात २५५ दिसत असल्याचे पाहावे. ही नोंद संपूर्ण यंत्रासाठी केलेली असेल तर त्या-त्या वापरकर्त्याच्या खात्यातील त्याच नावाची नोंद विचारात घेतली जात नाही, हेही लक्षात असू द्यावे. ‘बदल करूनही फरक पडत नाही’ या तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते.

एवढी खबरदारी कशासाठी, असे मला अधूनमधून विचारले जाते. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर या वर्मने, म्हणजे आपणहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, पेनड्राइव्हवरील ऑटोरनच्या (ड्राइव्ह जोडताच काय चालवायचे ते सांगणाऱ्या) फाइलीचा उपयोग करून ऑटोप्लेच्या खिडकीत स्वतःची एक ओळ घुसवली होती. त्या ओळीपुढे फोल्डरचेच चित्र होते आणि मजकूरही फोल्डर उघडून फाइली पाहण्याचाच होता. सवयीने क्लिक करणाऱ्याला खरी ओळ कोणती आणि खोटी कोणती हे कळत नव्हते. पुढे विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरून ऑटोरन चालणे बंद झाले आणि २०११ च्या फेब्रुवारीत तोच बदल विंडोज एक्सपी व व्हिस्टापर्यंत अपडेटमधून पोहोचला. मात्र सीडी आणि डीव्हीडी त्यातून वगळल्या होत्या, त्यामुळे स्वतःला सीडी म्हणून सादर करणारे पेनड्राइव्ह त्या बदलाच्या कक्षेत आले नाहीत. नुसते फोल्डर उघडले तर काय होते, असे म्हणणाऱ्यांना मी स्टक्सनेटची आठवण करून देतो. २०१० साली उघडकीस आलेल्या त्या वर्मला ऑटोरनची गरजच नव्हती. फोल्डरमधील शॉर्टकटचे चित्र पडद्यावर आले की विंडोजमधील एका त्रुटीमुळे त्याचा कोड चालू होत असे. त्या त्रुटीवरचे अपडेट त्याच वर्षी आले, पण फोल्डर आपोआप उघडू न देण्याची माझी सवय तिथून सुरू झाली ती कायमची. तसेच ऑटोप्ले बंद केला म्हणजे कुठूनही आलेला पेनड्राइव्ह लावायला हरकत नाही, हाही समज चुकीचा आहे. दिसायला पेनड्राइव्ह असून संगणकापुढे स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेणाऱ्या उपकरणाशी ऑटोप्लेच्या सेटिंग्जचा काही संबंध येत नाही.

‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असे विंडोज सांगते तेव्हा ती आज्ञा समजू नये. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला त्या डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे तिच्यावर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, वाचता आली नाही. लिनक्सची ईएक्सटी४ असलेले कार्ड लावले, किंवा मॅकवर तयार केलेली डिस्क जोडली, तरी हाच निरोप येऊ शकतो आणि आतला सर्व मजकूर मात्र सुखरूप असतो. रद्द करावे, डिस्क जिथून आली त्या यंत्रावर नेऊन पाहावी, आणि तिथेही उघडली नाही तरच पुढचा विचार करावा.

लिनक्सवर नव्याने आलेली मंडळी आणखी एक आडवाट धरतात. बॅकअपची हार्ड डिस्क नेहमी एकाच ठिकाणी माउंट व्हावी म्हणून ती ‘एफएसटॅब’ या, सुरू होताना कोणत्या डिस्क कुठे माउंट करायच्या त्यांची यादी असलेल्या, फाइलीत लिहून टाकतात, आणि तीसुद्धा ‘एसडीबी१’ अशा नावाने. हे नाव कायमचे नसते. ज्या क्रमाने डिस्क ओळखल्या जातात त्यानुसार ते बदलते, आणि मग बॅकअप भलत्याच ठिकाणी जाण्याची वेळ येते. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे डिस्क न जोडता संगणक सुरू केला, तर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) तिची साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि नंतर इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, नेऊन सोडते. काळ्या पडद्यावर पासवर्ड मागणाऱ्या दोन ओळी पाहून भलेभले गडबडतात आणि संपूर्ण लिनक्स पुन्हा टाकायला घेतात. त्याची काही गरज नसते. रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापक खात्याचा, पासवर्ड देऊन आत जावे, एफएसटॅबमधील त्या ओळीत नावाऐवजी यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहावा, पर्यायांमध्ये ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी अडून राहू नये) हा शब्द घालावा आणि पुन्हा सुरू करावे. अधूनमधून जोडल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हसाठी तर या फाइलीत ओळ लिहूच नये, ते काम डेस्कटॉपवर सोडावे.

विंडोजमध्ये मागे चालणारी ‘शेल हार्डवेअर डिटेक्शन’ ही सर्व्हिस बंद करून ऑटोप्ले थांबवण्याचा सल्लाही फार फिरतो. सेटिंग्जमध्ये सरळ बटण असताना मी तो कोणालाही देत नाही, कारण सहा महिन्यांनी आपण काय बंद केले होते ते आठवत नाही.

पेनड्राइव्ह काढण्याविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, ‘क्विक रिमूव्हल’ (इजेक्ट न करताही काढता यावे असे) हे मूळ धोरण झाले, पण एखाद्या डिस्कसाठी कोणी ‘बेटर परफॉर्मन्स’ (वेग जास्त, पण काढण्यापूर्वी इजेक्ट आवश्यक) निवडलेले असेल तर तिच्यासाठी तेच राहते. लिनक्सवर कॉपीची पट्टी शेवटाला पोहोचली तरी बराच मजकूर अजून मेमरीतच असू शकतो. मी दोन्हीकडे इजेक्ट करतो आणि काढून घेण्यापूर्वी पेनड्राइव्हवरील दिवा लुकलुकायचा थांबू देतो.

कोणतीही सेटिंग बदलली की मी ती एका पेनड्राइव्हवर, एका मेमरी कार्डावर आणि एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर अशी तीन वेळा तपासतो, मग तिन्ही काढून संगणक बंद करतो आणि काहीही न जोडता तो नीट सुरू होतो की नाही तेही पाहतो.