थंडीत मन लागत नसेल तर काय करायचं, आपल्या मराठवाड्यातल्या हिशोबानं

डिसेंबर अर्धा सरला की बघा, संध्याकाळी सात वाजले की कॉलनीत चिटपाखरू नसतं, सगळ्यांची दारं लावलेली, आत टीव्ही नाहीतर मोबाईल, आणि कुणाला विचारलं काय चाललंय तर "काही नाही ओ, कटाळा आलाय नुसता" एवढंच. झालेलं काहीच नसतं. पगार वेळेवर आलेला असतो, सोयाबीन विकून झालेलं असतं, पोरं ठीक असतात, तरी सकाळी उठू वाटत नाही, सारखं गोड खाऊ वाटतं, आपण कुणाकडं जावं असंबी वाटत नाही आणि कुणी आपल्याकडं यावं असंबी नाही. मग माणूस नेटवर शोधतो तर तिथं सांगायलेत की खास दिवा विकत घ्या, सुगंधी मेणबत्ती लावा, खिडकीत बसून बर्फ बघा. आता परभणीत बर्फ कुठून आणायचा राव, रसवंतीवरून?

दिव्याची गोष्ट मात्र खोटी नाही. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सोबतच्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीचं वर्णन केलं, तिला नावबी दिलं, आणि तेव्हापासून तिकडं सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यापुढं बसवतात, बऱ्याच जणांना फरक पडतो. कारण तिकडं उजेडच नसतो, लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाबी होत नाही. आपल्या लातूरला वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा, सूर्य सातच्या आत उगवतो आणि पावणेसहाच्या पुढं मावळतो, वर ढग नाहीत, हवा कोरडी. म्हणजे ऊन भरपूर आहे, आपणच त्यात नसतो. घरातल्या ट्यूबलाईटखाली जेमतेम शे-दोनशे लक्स असतात आणि बाहेर अंगणात उभं राहिलं की ते हजारांत जातात, भर उन्हात तर पन्नास हजारांच्यावर. तिकडचे लोक पैसे मोजून जेवढा उजेड घेतात त्याच्या कितीतरी पट आपल्या ओट्यावर फुकट सांडलेला असतो आणि आपण आत रजई घेऊन रील्स बघत बसतो. माझ्या मते आपल्याकडच्या थंडीतल्या मरगळीचं निम्मं कारण हे घरात कोंडून घेणं आहे, आणि उरलेलं निम्मं म्हणजे एकटं पडणं. दोन्हीचा इलाज इथंच आहे.

तर पहिलं काम, उठल्यावर तासाभरात बाहेर उजेडात या. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं, डोळ्याला उजेड लागला की झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं हार्मोन बंद व्हायला लागतं आणि रात्री परत वेळेवर झोप येते. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, नुसतं तोंड उजेडाकडं करून अर्धा तास बसायचं. आता नुसतं बसा म्हटलं की कुणी बसत नाही, दोन दिवस बसतं आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतं, म्हणून एखादं काम घेऊन बसायचं. शेंगा फोडा, मेथी निवडा, पेपर वाचा, दाढी करा, पोराचा अभ्यास अंगणात घ्या, फोनवर जे बोलायचंय ते गच्चीवर फिरत बोला. फ्लॅटमध्ये असाल तर पार्किंगमध्ये कुठल्या कोपऱ्यात ऊन आधी येतं ते बघून ठेवा, तिथं बहुतेक वॉचमन आधीच बसलेला असतो, त्याच्याशी गप्पा होतील ते वेगळंच.

व्हिटॅमिन डीचं गणित याहून वेगळं आहे आणि लोक दोन्ही एकात मिसळतात. ते कोवळ्या उन्हात फार होत नाही, त्याला दहानंतरचं ऊन लागतं, तेबी अंगावर. बंद काचेच्या आड बसून ते मिळत नाही कारण लागतो तो किरण काच अडवते. दुपारी जेवण झाल्यावर हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसलात तरी चालतं, आपल्याकडं जानेवारीच्या दुपारी पारा २८-३० पर्यंत जातो त्यामुळं गारठायची भीती नाही. म्हाताऱ्या माणसांना तर मुद्दाम खुर्ची टाकून बसवा, आज्जीला आतल्या खोलीत तीन शाली पांघरून ठेवण्यात काही प्रेम नाही.

सकाळचं उठणं हा खरा वैताग. परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर येतो, अशात पाचला उठून पळायला जा असं मी कुणाला सांगणार नाही. साडेसहा-सातला उठा पण रोज त्याच वेळेला, रविवारीसुद्धा. स्वेटर आणि मोजे अंथरुणातच हाताशी ठेवा म्हणजे पांघरूण सोडायचा जो एक मिनिटाचा जीव जायचा प्रकार असतो तो कमी होतो. चालायला आठनंतर गेलं तरी चालतं. अंघोळीआधी तिळाचं तेल कोमट करून लावा, पायाच्या भेगांना फरक पडतोच पण दहा मिनिटं आपण आपल्या शरीराकडं बघतो हेच पुष्कळांचं हिवाळाभर होत नाही. शेतात रात्रपाळीची लाईट असेल आणि हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला रात्रभर जागावं लागत असेल तर मात्र सकाळचा नियम सोडा, आधी झोप काढा, आणि उठल्यावर घरात न रेंगाळता उन्हात जेवायला बसा.

खाण्याचं फार सांगायची गरज नाही, आपली भोगीच सगळं सांगते, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगं-गाजर-घेवडा-हरभऱ्याची भाजी, वर लोणी. गोड खावंसं वाटतं तेव्हा बिस्किटाचा पुडा संपवण्यापेक्षा गुळशेंगदाणे खा. चहा चारनंतर कमी करा, झोप मोडते. आणि "थंडी लई आहे, थोडी घ्यावी म्हणलं" वाल्यांसाठी, दारूनं गरम वाटतं कारण रक्त कातडीकडं येतं, म्हणजे उलट अंगातली उष्णता बाहेर जाते, शिवाय पहाटे झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली. ज्याला आधीच उदास वाटायलंय त्यानं तर नकोच.

आता खरा विषय, हुरडा. मला विचाराल तर मराठवाड्यात थंडीतल्या उदासीवर याच्याएवढं चांगलं औषध नाही, आणि मी पैसे भरून जायच्या डीजे लावलेल्या हुरडा पार्टीबद्दल बोलत नाही, तिथं माणूस परत येतो तो कान दुखवून घेऊन. साधा शेतातला हुरडा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचं कणीस चिकात असतं, दाणा नखानं दाबला की दूध येतं पण पाणी नाही, तेव्हाच तोडायचं. सुरती, गुळभेंडी असली खास हुरड्याची ज्वारी असेल तर उत्तमच, नसली तरी गोड लागणारी कुठलीबी कोवळी ज्वारी चालते. वीतभर खोल खड्डा करून आगटी करायची, गोवऱ्या पेटवायच्या आणि जाळ पूर्ण बसू द्यायचा, घाई करणारा माणूस इथंच कणसं जाळतो. लालबुंद आर झाला की कणसं दांड्याला धरून त्यात खुपसायची, वरून आर ओढायचा, फिरवत राहायचं. तीन-चार मिनिटांत वास सुटतो. काढल्याबरोबर गरम असतानाच गोणपाटावर हातानं चोळायचं कारण गार झालं की दाणा सुटत नाही. हाताला चटके बसतात, शिव्या निघतात, मग कुणीतरी मामी म्हणतात "सरक बाजूला, दे हिकडं" आणि त्यांच्या तळहाताला काही होतच नाही, सर्रकन दाणे खाली. सुपात घेऊन फुंकायचं आणि हिरवागार हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, लसणाच्या तिखटाबरोबर, दह्याबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर, जसं आवडेल तसं.

यानं मन का हलकं होतं त्याला माझं कारण असं, की हुरडा एकट्यानं होतच नाही. एक भाजणार, एक चोळणार, बाकीचे खाणार आणि भाजणाऱ्याला नावं ठेवणार. हात काळे झालेले असतात म्हणून मोबाईलला कुणी हात लावत नाही. दोन तास उन्हात बसणं आपोआप होतं. बोलायला विषय शोधावा लागत नाही, कणीस करपलं हाच विषय. शेत नसेल तर ज्याचं आहे त्याला सरळ विचारा, "यंदा हुरडा कधी ओ तुमच्याकडं", आपल्याकडं याला कुणी भीक मागणं समजत नाही, उलट मान समजतात, फक्त जाताना चटणी-दही आपण न्यायचं आणि गोवऱ्या जमवायला हात लावायचा. तेबी जमलं नाही तर बाजारातून हरभऱ्याचे ढाळे आणा, चार पेंड्या, आणि कॉलनीतल्या कट्ट्यावर ठेवा, पाच मिनिटांत माणसं जमतात, हरभरा सोलत असताना कुणी उठून जात नाही.

लातूर-धाराशिवकडं असाल तर येळवस चुकवू नका. मार्गशीर्षातली अमावस्या, शहरं रिकामी होतात त्या दिवशी, दुकानं बंद, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. भज्जीत तूर, वटाणा, हरभरा, पालेभाज्या आणि बेसन सगळं एकत्र शिजतं, ती चव हॉटेलात शोधून सापडत नाही. आणि त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाबी हाक मारून जेवू घालतात. लातूरला नीटच्या क्लासला आलेली पोरं असतात ना, हॉस्टेलच्या खोलीत पहाटेपासून टेस्ट सिरीज सोडवत बसलेली, घरमालकांनो आणि मेसवाल्या काकूंनो, त्यातल्या दोघा-चौघांना घेऊन जा शेतात. एक दिवसानं रँक जात नाही. आणि पोरांनो, कुणी बोलावलं तर "अभ्यास आहे" म्हणू नका.

संध्याकाळ सगळ्यात अवघड. सहा ते नऊ हा वेळ ज्याचा एकट्यात जातो त्याला थंडी जास्त लागते, म्हणून त्याच वेळेत कुठलंतरी ठरलेलं काम ठेवा. देवळातला हरिपाठ, बॅडमिंटन, भिशी, लायब्ररी, काहीबी, पण दुसरी माणसं असतील असं आणि घराबाहेर. शेकोटी पेटवा, जुने टायर-प्लॅस्टिक न टाकता. एक मात्र लक्षात ठेवा, निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो.

बीड जिल्ह्यातल्या गावांचं वेगळंच. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या जातात आणि मागं घरात म्हातारे आणि शाळेतली पोरं उरतात. ऐन थंडीत अर्धं गाव कुलूप. तिथं "सण साजरा करा" म्हणून काय होणार. पण फोनची एक वेळ ठरवता येते. फडातून संध्याकाळी कोपीवर आल्यावर रोज त्याच वेळेला दोन मिनिटं व्हिडिओ कॉल, तब्येत-पैसे एवढंच न विचारता आज कालवण काय केलं, शेळी व्याली का, गुरुजी काय म्हणले असं बोलायचं. गावात जे उरलेत त्यांनी शेजारच्या म्हातारीला संध्याकाळी आपल्या ओट्यावर आणून बसवा, चूल एक झाली तरी चालेल. पुण्या-मुंबईत नोकरीला असणाऱ्यांनाबी हेच लागू, आई "काही नाही रे, बरं आहे" म्हणते त्यावर विश्वास ठेवू नका.

महिन्यातून एखादा दिवस गाडी काढा. जायकवाडीचा नाथसागर हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेला असतो, रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब नावाचे हंसासारखे पक्षी येतात, पैठणला सकाळी लवकर पोचायचं आणि दुर्बीण असेल तर न्यायची. लोह्याजवळची माळेगावची खंडोबाची यात्रा याच दिवसांत, घोडे, गाढवं, तमाशा, गर्दी, धूळ, सगळं. औशाकडच्या लोकांना खरोसा लेणी जवळ, उन्हाळ्यात जिथं पाय भाजतो तिथं आता निवांत बसता येतं.

एवढं करूनबी दोन आठवडे सलग मन उठत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतबी राम वाटत नसेल तर ते नुसत्या थंडीचं नाही. डॉक्टरकडं जा आणि थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या, थायरॉईड कमी असलं तरी अशीच सुस्ती येते आणि थंडीबी जास्त वाजते. जगू नये असे विचार यायले असतील तर तपासण्यांची वाट न बघता टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरला आत्ताच फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीबी लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणाचं असं चाललं असेल तर त्याला नंबर पाठवून मोकळे होऊ नका, शेजारी बसून आपणच लावून द्या.