परिषदेतल्या १५ मिनिटांसाठी स्लाइड्स कशा तयार कराव्यात

परिषदेत शोधनिबंध मांडायला बहुतेक वेळा १५ मिनिटे मिळतात: १२ बोलायची, ३ प्रश्नोत्तरांची. आधीचा वक्ता लांबला की कात्री पुढच्यांच्या वेळेला लागते. म्हणून तयारी ११ मिनिटांची करा आणि स्लाइड्स १० ते १२ ठेवा. पॉवरपॉइंट उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: बाहेर पडताना श्रोत्याच्या लक्षात नेमके काय राहायला हवे? ते वाक्य जमत नसेल तर अजून स्लाइड्स करायची वेळ आलेली नाही.

समजा, विषय कांद्याच्या साठवणुकीचा आहे आणि वाक्य आहे, ‘चाळीच्या तळाखालून हवा खेळती ठेवली की कांदा कमी सडतो.’ आता क्रम सहज लागतो: अडचण काय, प्रयोग कसा केला, काय दिसले, शेतकऱ्याने चाळीत काय बदलायचे. ‘भाषणाची रूपरेषा’ ही स्लाइड इतक्या कमी वेळात नकोच. पूर्वसंशोधनालाही एकच स्लाइड द्या. स्वतःचे निष्कर्ष पाचव्या मिनिटाच्या आत पडद्यावर आले पाहिजेत, नाहीतर शेवटी ते घाईघाईत गुंडाळले जातात.

मथळ्यात पूर्ण वाक्य लिहा

‘निष्कर्ष’, ‘कार्यपद्धती’, ‘आकृती ३’ असले मथळे श्रोत्याला काहीच सांगत नाहीत. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे मायकल अ‍ॅली बरीच वर्षे शिकवत आलेली पद्धत इथे कामाला येते: मथळ्यात दावा, खाली त्याचा पुरावा. ‘निष्कर्ष १’ ऐवजी ‘हवेशीर चाळीत कांदा कमी सडला’ असे लिहा. वाक्य दोन ओळींत बसले पाहिजे. बसत नसेल तर बहुधा एका स्लाइडवर दोन गोष्टी कोंबल्या आहेत, तेव्हा स्लाइडच दोन करा. खाली मुद्द्यांची यादी न देता आलेख, फोटो किंवा साधी आकृती द्या. लिहिलेले वाचणे आणि बोललेले ऐकणे ही दोन्ही कामे श्रोता एकाच वेळी करू शकत नाही. परिच्छेद दाखवला की तो वाचत बसतो आणि तुमचे बोलणे वाया जाते.

तक्त्याचा आलेख करा

सर्वात जास्त वेळ इथे घाला, कारण बहुतेक भाषणे इथेच घसरतात. प्रबंधातला १२ ओळी आणि ६ रकान्यांचा तक्ता म्हणजे ७२ आकडे. ‘हे तुम्हाला दिसत नसेल, पण…’ असे म्हणायची वेळ येणार असेल तर ती स्लाइड काढून टाका. दाव्याला लागणारे दोनच रकाने उचला: साध्या चाळीतली सड आणि हवेशीर चाळीतली सड. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर ‘सडलेला कांदा, वजनाच्या टक्क्यांत’, आणि दोन रेषा. रेषांची नावे बाजूच्या चौकटीत न देता प्रत्येक रेषेच्या टोकाशीच लिहा, म्हणजे नजर इकडून तिकडे फिरवावी लागत नाही. मागच्या जाळीच्या रेषा पुसा. एक्सेलमधला आलेख तसाच चिकटवला तर अक्षांवरची अक्षरे ९-१० पॉइंटची राहतात, ती किमान १८ करा. स्तंभालेख असेल तर उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, नाहीतर किरकोळ फरकही डोंगराएवढा दिसतो. रेषालेखाला हे बंधन नाही. लाल-हिरवी जोडी टाळा. हा भेद डोळ्यांना न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, मोठ्या सभागृहात असतातच. निळा आणि नारिंगी जवळजवळ सगळ्यांना वेगळे दिसतात.

अक्षरे शेवटच्या रांगेसाठी

रोमन लिपीत २४ पॉइंट चालून जातात. देवनागरीला मात्र वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये ‘ष्ट्र’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे असतात, म्हणून आलेखाबाहेरचा मजकूर २८ च्या खाली आणू नका आणि मथळा ३६ च्या आसपास ठेवा. ओळींतले अंतर १.२ पट हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उमटतो. तो आधी युनिकोडमध्ये बदला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि दुरून स्वच्छ वाचता येतात.

आकार बरोबर आहे का, हे घरीच तपासता येते. पडदा ८ फूट रुंद आणि शेवटची रांग ४० फुटांवर असेल, तर अंतर रुंदीच्या पाचपट झाले. १४ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे दीड मीटरवर उभे राहून स्लाइड वाचा. आलेखावरचे शब्द वाचता आले नाहीत तर शेवटच्या रांगेलाही येणार नाहीत.

पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षरे गडद ठेवा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जिथे काळे असायला हवे तिथे तो प्रकाश टाकत नाही, एवढेच. सभागृहात दिवे चालू असतील तर ती जागा राखाडी दिसते आणि गडद स्लाइड धुऊन निघते. पिवळ्या रेषा आणि फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर अशीच नाहीशी होतात.

अ‍ॅनिमेशन फारसे लागत नाही. गुंतागुंतीची आकृती टप्प्याटप्प्याने दाखवायची असेल तेवढ्यापुरते साधे ‘अपिअर’ वापरा.

शेवटची स्लाइड आणि तिच्यानंतरच्या

‘धन्यवाद’ तोंडाने म्हणा. प्रश्नोत्तरांची तिन्ही मिनिटे पडद्यावर शेवटचीच स्लाइड असते, तेव्हा तिथे मुख्य वाक्य, महत्त्वाचा आलेख आणि ईमेल ठेवा. तिच्यामागे दोन-तीन राखीव स्लाइड्स असू द्या: प्रयोगाचा तपशील, पूर्ण तक्ता, हवामानाच्या नोंदी. प्रश्न आला की त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे जाता येते. त्यासाठी क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात क्रमांक असला की विचारणाऱ्यालाही ‘सातव्या स्लाइडवर’ असे नेमके सांगता येते.

सभागृहात जाण्यापूर्वी

पडद्याचे प्रमाण १६:९ आहे की ४:३, हे आयोजकांना आधी विचारा. नंतर बदलले तर आलेख ताणले जातात किंवा कडा कापल्या जातात. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची खूण करा. सोबत पीडीएफ प्रतही घ्या, पण तिच्यात व्हिडिओ चालत नाही आणि टप्प्याटप्प्याने येणारी चित्रे एकावर एक साचून दिसतात. अशा स्लाइड्स पीडीएफ करण्याआधी वेगवेगळ्या करा. दोन्ही प्रती पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलमध्येही ठेवा.

सत्र सुरू होण्याआधीच्या सुट्टीत फाइल आयोजकांच्या संगणकावर उघडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवा. केबल व्हीजीए असेल तर तिच्यातून आवाज जात नाही, व्हिडिओसाठी वेगळी तार लागते. पडदा एलईडीचा असेल किंवा काही श्रोते ऑनलाइन असतील तर हातातल्या लेझरचा ठिपका दिसत नाही. विंडोजवर स्लाइड शो चालू असताना कंट्रोल आणि एल दाबा, पडद्यावरचा लाल ठिपका सगळ्यांना दिसतो. मध्येच नुसते बोलायचे असेल तेव्हा ‘बी’ दाबला की पडदा काळा होतो, पुन्हा दाबला की स्लाइड परत येते.