बायोसचा (म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासवर्ड विसरलात?

लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल काढला की पासवर्ड पुसला जातो, ही युक्ती जुन्या डेस्कटॉपची. बऱ्याच लॅपटॉपमध्ये, थिंकपॅडमध्ये तर हमखास, सुपरवायझर पासवर्ड (बायोसचा मुख्य पासवर्ड) वेगळ्या चिपमध्ये असतो; सेल काढून फक्त घड्याळ बिघडतं. विंडोज नव्याने टाकूनही उपयोग नाही. त्यापेक्षा खरेदीची पावती शोधा (दिवाळीच्या साफसफाईतून वाचली असेल तर!). मालकी पटली की काही कंपन्या कुलूप उघडून देतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅपटॉप दुरुस्तीला टाकणार असाल, तर हार्डडिस्क आधी काढून घरी ठेवा. डिस्कचा वेगळा पासवर्ड किंवा एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करणं) नसेल, तर ती यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून तुमचे फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर आजच काढता येतील.