सेल्फ मारतो, पण इंजिन पकडत नाही

"मिस्त्री, सेल्फ जोरात मारतोय, पण गाडी पकडतच नाही."

पाटणहून कोयनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. जून ते ऑक्टोबर हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. गाड्या बहुतेक डिझेलच्या फोर बाय फोर: महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप, कमांडर, थार, एखादी स्कॉर्पिओ. माणूस डोंगरात कुठेतरी अडकलेला असतो आणि घाबरून किल्ली फिरवत बसलेला असतो. मी आधी एकच सांगतो, किल्ली सोडा. एका वेळी दहा-बारा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्यायचं. तीनदा मारून इंजिन पकडलं नाही तर चौथ्यांदाही पकडणार नाही. उलट बॅटरी बसेल, सेल्फ तापेल आणि एका बिघाडाचे तीन होतील.

त्यानंतर माझा पहिला प्रश्न असतो, मागे सायलेन्सरमधून काय येतंय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इंजिनाप्रमाणे साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे हवा हवी, दाब हवा आणि वेळेवर डिझेल हवं. सेल्फ मारताना एकाला मागे उभं करा. राखाडी-पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबतोय आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल आत पोहोचतंय पण पेटत नाही. धूर अजिबात नाही, तर डिझेल आत जातच नाही. पुढची सगळी तपासणी या एका उत्तरावर ठरते. आमच्याकडे पहाटे धुकं असतं, नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरा आणि त्याचा वास घ्या.

दुसरं, कान द्या. इंजिन जड, दमल्यासारखं फिरत असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडणारी अर्थची पट्टी बघा. मल्टीमीटर लावून सेल्फ मारा, बॅटरी १० व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. जीपमध्ये ही पट्टी चिखलाने कुजते आणि लोक विनाकारण नवीन बॅटरी आणतात. इंजिन नेहमीपेक्षा भराभर, एकसारखं घुंईऽऽ करत फिरत असेल तर मात्र दाबच बनत नाहीये. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत बेल्ट तुटल्याचा तो आवाज आहे, तिथे लगेच थांबा. आणि ओढा पार करताना गाडी बंद पडली असेल, सेल्फ 'ठक्' करून अडत असेल, तर किल्लीला हातच लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलंय. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारा) किंवा नोझल (डिझेल फवारणारा) काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय ते इंजिन फिरवायचं नसतं.

आता धूर नाही ती बाजू. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या इथेच सुटतात.

टाकीत डिझेल आहे का ते आधी बघा. जुन्या जीपचा काटा खोटं बोलतो. पाव टाकी असताना गाडी चढावर तिरकी उभी असेल तर टाकीतल्या नळीचं तोंड उघडं पडून ती हवा ओढते. मग इंजिन बंद करायची केबल बघा. एमएम ५४०, कमांडर अशा गाड्यांत ती खेचायची असते. ती अर्धवट बाहेर राहिली किंवा गंजून पंपावरचा खटका परत आला नाही तर पंप डिझेल देत नाही. बोनेट उघडून तो खटका हाताने मागेपुढे करून बघा. नंतरच्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत केबलऐवजी सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा खटका असतो. किल्ली ऑन केल्यावर त्याचा बारीक 'टक्' ऐकू येतो. आला नाही तर टेस्ट लॅम्पने (दोन टोकांचा तपासणीचा दिवा) त्याच्या वायरीवर करंट बघा. करंट नसेल तर फ्यूज आणि वायरिंग, करंट असून टक् नसेल तर सोलेनॉइड गेला.

हे सगळं ठीक असेल तर लाइनीत हवा शिरली आहे असं धरून चाला. हवा काढण्याची रीत मी वस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि आजही तशीच करतो. फीड पंपावर, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावर, हाताने दाबायचा प्रायमर असतो. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दीड फेरा सैल करा आणि प्रायमर मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे आणि मग काचेसारखी अखंड धार. धार आली की प्रायमर दाबून धरलेला असतानाच स्क्रू आवळा. हात सोडून आवळला तर जाता जाता हवा परत आत शिरते. मग नोझलांना दाबाने डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपावरचा स्क्रू, तीच रीत. त्यानंतर चारपैकी दोन नोझलांचे नट सैल करा, बहुधा १७ नंबरचा पाना लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. नटापाशी डिझेल थुंकल्यासारखं उडायला लागलं की थांबा, नट आवळा आणि पुन्हा सेल्फ मारा. इंजिन आधी दोन सिलिंडरवर खोकतं, थरथरतं, मग चारही पकडतात. लाइनीचा बँजो बोल्ट (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) उघडला असेल तर तांब्याचे वॉशर नवीनच घाला. जुना चेपलेला वॉशर वरून ठीक दिसतो, पण हवा ओढतो.

हवा काढली, गाडी चालू झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच? तर हवा शिरण्याची जागा तुम्ही अजून शोधलेलीच नाही.

मोरणा खोऱ्यातला एक दूध घालणारा मुलगा २०१२ ची थार डीआय घेऊन आला होता. रोज पहाटे गाडी चालू होत नव्हती, पन्नासदा प्रायमर मारला की पकडायची आणि दिवसभर ठणठणीत चालायची. दुसरीकडे त्याने पंप उघडून कॅलिब्रेशन करून घेतलं होतं आणि चारही नोझल बदलले होते. बिलाचा आकडा सांगताना त्याचा आवाज बसला. दुधाच्या पैशातून गेलेले पैसे ते. मी टाकीकडून फीड पंपात येणाऱ्या लाइनीत पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि सेल्फ मारला. नळीत मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक, रांगेने सरकत होते. म्हणजे हवा पंपात नव्हे, पंपाच्या आधीच शिरत होती. टाकीकडची लाइन काढून फीड पंपाला डिझेलच्या कॅनमधून नळी दिली, बुडबुडे बंद, गाडी दुसऱ्या फेऱ्याला पकडली. मग चेसिसखाली झोपून रबरी पाईप बोटाने चाचपत गेलो. क्लिपच्या वरच्या वळणावर अंगठ्याने पाईप वाकवला तर केसाएवढी भेग तोंड उघडल्यासारखी फाकली. सरळ सोडला की दिसेनाशी व्हायची. खाली एक थेंब डिझेल नव्हतं. असणारही नाही, कारण या बाजूला पंप डिझेल ओढतो, ढकलत नाही. भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि रात्रभरात लाइनीतलं डिझेल टाकीकडे उतरतं. दोन फूट पाईप आणि दोन क्लिपांचं काम होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, पारदर्शक नळी लावून बघितल्याशिवाय कुणाचा पंप उघडायचा नाही. तपासणी झाली की ती नळी काढून मात्र टाका. डिझेलने ती कडक होते आणि तडकते.

कॉमन रेलच्या गाड्यांना, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच जाड नळीतून (रेलमधून) डिझेल जातं आणि नोझल कॉम्प्युटर उघडतो त्यांना, वेगळी शिस्त लागते. थार सीआरडीई, एमहॉक इंजिनाच्या गाड्या, नवीन बोलेरो या सगळ्यांत रेलमधला दाब १,००० बारच्या पुढे जातो. इथे नट सैल करून सेल्फ मारायचा नाही, म्हणजे नाहीच. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. अशी धार लागली तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

या गाड्यांत आधी डॅशबोर्ड वाचा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नसेल तर तो नोझल उघडणार नाही. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्धा तास थंड झाली की चालू होणारी गाडी असेल तर तो संशय आणखी पक्का. सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर शेवटपर्यंत बघा. भात झोडून पोती जिथे ठेवतात त्याच पडवीत गाडी उभी राहते, आणि उंदराला वायरीचं आवरण फार आवडतं. ईसीयूच्या, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या, रिलेची शंका असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा. पाच मिनिटांचं काम, फुकटात.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारा स्कॅनर. सेल्फ मारताना रेलचा दाब किती येतो ते बघा. बहुतेक गाड्यांना पकडायला २०० बारच्या आसपास दाब लागतो. ३०-४० वरच अडकला असेल तर आधी फिल्टर, हवा आणि डिझेलचा पुरवठा तपासा. ते ठीक असेल तर नोझलांच्या रिटर्न नळ्या (जादा डिझेल परत नेणाऱ्या) काढून प्रत्येकीला एकसारखी छोटी बाटली लावा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर तोच नोझल दाब गळतीत घालवतोय. सगळ्या बाटल्या कोरड्या आणि तरी दाब नाही, तेव्हा कुठे पंपाकडे किंवा त्याच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवायचं.

धूर येतोय पण पकडत नाही, त्या गाडीत फिल्टरखालचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळं बसतं. पावसाळ्यात उघड्या बॅरलमधून भरलेल्या डिझेलमध्ये ते हमखास सापडतं. पाणी निघालं तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. मग एअर फिल्टर, त्यातही उंदराची घरटी मी काढली आहेत. थंडीत एमएम ५४० सारख्या प्यूजो इंजिनाला हीटर प्लग चांगले लागतातच. प्लगवरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लग जिवंत. डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनाला आपल्या हवेत प्लगची गरज सहसा नसते. तिथे पांढरा धूर आणि जड स्टार्टिंग दिसलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चांगल्या इंजिनात २५ ते ३० बार येतात. २० च्या खाली गेलं तर ते काम रस्त्यावरचं नाही.

एअर फिल्टरमधून स्टार्टिंग स्प्रे मारण्याची सवय आमच्या भागातही आली आहे. कृपा करून मारू नका. हीटर प्लग तापलेला असेल तर तो स्प्रे वेळेआधीच भडकतो, पिस्टनच्या रिंगा आणि कडा तुटतात. असं फुटलेलं पिस्टन माझ्या कपाटात आहे, स्प्रे मागणाऱ्याच्या हातात मी ते देतो.

टोचन लावून आणायची वेळ आली तर ज्या गाडीत ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) न्यूट्रल आहे तिथे ते टाका, आणि पुढच्या गाडीत ओळखीचा, सावकाश चालवणारा माणूस बसवा.

डोंगरात जाताना सीटखाली एवढं सामान ठेवा: एक फिल्टर, वीतभर पारदर्शक नळी, दोन फूट डिझेलचा रबरी पाईप, चार क्लिपा, तांब्याचे वॉशर, १० ते १७ नंबरचे पाने, टेस्ट लॅम्प, एक पांढरं फडकं. आणि गाडी चालू झाली की लगेच पळवू नका. पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा, जिथे जिथे हात लावलात तिथे बोट फिरवा. बोटाला ओल लागली तर तो नट अजून पाव फेरा मागतोय.