लेकीचं अपंगत्व, कॅनडाचं पीआर आणि ते पत्र: उत्तर कसं तयार करायचं

दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा, कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडून आम्हाला आलेल्या पत्रात यातला एकही शब्द ठळक नव्हता. ठळक होतं ते ‘एक्सेसिव्ह डिमांड’. मतलब असा की तुमची मुलगी आमच्या आरोग्यसेवेला महागात पडेल असं दिसतंय, तुमचं काय म्हणणं? लेक तेव्हा नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे; घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. पीआरचा, म्हणजे तिकडे कायमचं राहण्याच्या परवानगीचा, अर्ज नवऱ्याच्या नोकरीवर, ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या कुशल नोकरदारांसाठीच्या योजनेतून केलेला. पण तिकडच्या कायद्यात घरातलं एक माणूस अपात्र ठरलं की सगळ्यांचाच अर्ज पडतो. तिला आजीकडे ठेवून जायचं म्हटलं असतं तरी पडलाच असता.

या पत्राला सगळे पीएफएल म्हणतात, प्रोसिजरल फेअरनेस लेटर. पहिली गोष्ट, हा नकार नाही. उत्तराला साधारण ९० दिवस मिळतात आणि ते पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही ईमेल उघडल्यापासून नव्हे. आमचा पहिला आठवडा रडण्यात गेला. दुसऱ्यात मी तीन पानं लिहिली: ती किती हुशार आहे, बुद्धिबळ कशी खेळते, वर्गात तिचे किती मित्र आहेत. ती पानं शेवटी पाठवलीच नाहीत. समोरचा हिशेब मांडतोय, तर उत्तरही हिशेबातच द्यावं लागतं.

तो हिशेब आधी समजून घ्या. पुढच्या पाच वर्षांत (क्वचित दहा) तुमच्या मुलावर सरकारी पैशातून किती खर्च होईल, हे ते काढतात आणि एका मर्यादेशी ताडून बघतात. २०१७ मध्ये ही मर्यादा वर्षाला ६,६५५ डॉलर होती. २०१८ मध्ये तिप्पट करून १९,९६५ केली आणि ती दरवर्षी वाढते. २०२४ ला २६,२२० होती. आकडा तुमच्या पत्रातलाच धरा, कुणी सांगितलेला नको. त्याच २०१८ च्या बदलात विशेष शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षणासारखं पुनर्वसन आणि रोजच्या कामांसाठी लागणारा मदतनीस हे खर्च हिशेबातून काढून टाकले. हे आपोआप झालं नाही. यॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या कोस्टा रिकाच्या एका प्राध्यापकाला मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे पीआर नाकारलं होतं. २०१६ मध्ये त्यावर देशभर गवगवा झाला आणि नंतर त्या कुटुंबाला पीआर मिळालं. म्हणून जुन्या अनुभवांवर विसंबून शाळेच्या फीची सोय दाखवत बसू नका, ती आता कुणी मोजत नाही.

आता पत्रातली प्रत्येक सेवा वेगळ्या कागदावर उतरवा आणि तिच्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे दवाखान्यात होणारं काम आहे की बाहेरचं? सगळं यावर ठरतं. बाहेरून घ्यायची औषधं, घरी येणारा फिजिओ असल्या गोष्टींचा खर्च आम्ही करू, असं पटवून देता येतं. ऑपरेशन, डॉक्टर, हॉस्पिटलचा बेड यांचे पैसे आम्ही भरू, हे चालत नाही, कारण तिकडे ते सरकारच भरतं आणि नको म्हणायची सोय नाही. तिथे गरजच नाही हे सिद्ध करावं लागतं.

आमचं घोडं इथेच अडलं होतं, आणि चूक माझी होती. फाईल भरगच्च दिसावी म्हणून मी ती चार वर्षांची असतानाचा ऑर्थोपेडिकचा रिपोर्ट जोडला होता. त्यात शेवटच्या ओळीत ‘खुब्याची शस्त्रक्रिया लागू शकते’ असं होतं. ती शस्त्रक्रिया सहाव्या वर्षीच झाली होती! पत्रात मात्र ती पुढच्या पाच वर्षांच्या खर्चात धरलेली. मग ताजा एक्स-रे, जुनं डिस्चार्ज कार्ड आणि नवा रिपोर्ट.

नवा रिपोर्ट सुद्धा एका फटक्यात झाला नाही. डॉक्टरांनी प्रेमानं लिहून दिलं, ‘हिला आयुष्यभर आधाराची गरज राहील.’ खरं आहे, पण या फाईलमध्ये ते वाक्य म्हणजे धोंडा. मी परत गेले, संकोच वाटत होता, आणि चार प्रश्न कागदावर दिले. आज कोणती सेवा चालू आहे? आठवड्यातून किती वेळा? पाच वर्षांत कोणती बंद होईल? कोणतं ऑपरेशन अपेक्षित आहे का? दुसऱ्या पत्रात आलं: ‘फिजिओथेरपी आठवड्यातून एकदा, बाकी व्यायाम घरी. खुबा स्थिर आहे. पुढील पाच वर्षांत शस्त्रक्रिया अपेक्षित नाही.’ खोटं काही नाही, फक्त मोजता येईल असं.

औषधांसाठी आम्ही ऑन्टारियो प्रांताच्या सरकारी औषधयादीतला बॅक्लोफेनचा (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी तिची गोळी) दर काढला, वर्षाच्या गोळ्यांनी गुणला, आणि नवऱ्याच्या कंपनीकडून ग्रुप इन्शुरन्समध्ये मुलांची औषधं येतात असं पत्र घेतलं. बँकेचं स्टेटमेंट आणि पैसे भरण्याची तयारी दाखवणारं सही केलेलं घोषणापत्र सोबत लावलं. नुसतं ‘आम्ही बघून घेऊ’ पुरत नाही. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हिलेविट्झ खटल्यात सांगितलं की आजाराचं नाव बघून ठरवू नका, त्या माणसाची आणि त्या कुटुंबाची प्रत्यक्ष स्थिती बघा. उत्तरात या निकालाचा उल्लेख जरूर करा. आम्ही दुसऱ्याच परिच्छेदात केला.

एका कन्सल्टंटने आम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं, व्हीलचेअर मेडिकलला, म्हणजे अर्जासाठीच्या वैद्यकीय तपासणीला, नेऊच नका. असल्या माणसाकडून फाईल त्याच दिवशी परत घ्या. लपवाछपवी सापडली तर पाच वर्षांची बंदी येते.

एक मात्र मला अजून टोचतं. हीच मुलगी तिकडे असलेल्या आईबापांनी स्पॉन्सर केली असती तर हा खर्चाचा नियम तिला लागलाच नसता. निर्वासितांनाही लागत नाही. म्हणजे तीच मुलगी एका रांगेत ओझं आणि दुसऱ्या रांगेत नाही.

उत्तर पाठवताना सगळं एकाच पीडीएफमध्ये, पानांना क्रमांक देऊन, पुढे अनुक्रमणिका. मुदत कमी पडत असेल तर ती संपायच्या आधी लेखी वाढवून मागा. मेडिकल बारा महिनेच चालतं, त्यामुळे निर्णय लांबला तर पुन्हा करायला सांगतात, आम्हाला सांगितलं. यावेळी व्हीलचेअर, वॉकर आणि नवा रिपोर्ट, तिन्ही घेऊन गेलो. आणि नकारच आला तर फेडरल कोर्टात दाद मागायची मुदत बघा: निर्णय कॅनडाबाहेरच्या कार्यालयाचा असेल तर ६० दिवस, आतला असेल तर फक्त १५. वकील तेव्हा शोधायला निघू नका, नंबर आत्ताच काढून ठेवा.